पालवणकर बाळू : सरावातून घडलेला गोलंदाज

भारताने आपला पहिला कसोटी सामना १९३२ साली इंग्लंडमधील लॉर्ड्सच्या मैदानावर खेळला. मात्र त्यापूर्वी कितीतरी वर्षे मुंबई आणि पुणे येथे क्रिकेटचे मोठे सामने होत असत व ते पाहण्यासाठी हजारो लोक जमत. त्या काळातील श्रेष्ठ भारतीय गोलंदाज म्हणून पालवणकर बाळू यांचे नाव घेतले जाते. खेळाचे रीतसर शिक्षण देणारी कोणतीही संस्था त्यांच्यासारख्या मुलाला त्या काळी खुली नव्हती. इतरांच्या सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते काम करता करता त्यांनी निरीक्षण आणि नियमित सराव यांच्या बळावर आपली कला घडविली.

बालपण

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे मूळ गाव कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यातले पालवण. त्यावरून घराण्याचे आडनाव पालवणकर असे पडले. हे कुटुंब चांभार समाजातील होते आणि त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. शाळा, पाणवठा, देऊळ अशा अनेक ठिकाणी या समाजातील माणसांना मज्जाव होता. मात्र बाळू यांचे वडील लष्कराच्या सेवेत होते. त्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य छावणीच्या ठिकाणी होते आणि मुलांच्या दृष्टीस एक नवा खेळ पडला. हा खेळ म्हणजे क्रिकेट.

इंग्रज अधिकारी वापरून टाकून देत ते चेंडू आणि बॅटी घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळू लागले. मुलांचे शिक्षण फार पुढे गेले नाही. घरची गरज मोठी असल्याने बाळू यांना लहान वयातच काम शोधावे लागले.

चार रुपयांची नोकरी

पुण्यात पारशी मंडळींचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे बाळू यांना पहिली नोकरी मिळाली. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि क्वचित सभासदांना चेंडू टाकणे ही त्यांची कामे होती. पगार महिना तीन रुपये होता. १८९२ साली ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबमध्ये रुजू झाले. तेथे त्यांना महिना चार रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करणे, तिच्यावर रेषा आखणे, सरावाच्या जाळ्या उभ्या करणे, टेनिसच्या मैदानाची निगा राखणे अशी कामे ते करीत.

या कामांकडे केवळ मजुरी म्हणून पाहता येईल. परंतु खेळपट्टीवर रोज रूळ फिरवणाऱ्या माणसाला जमिनीचा स्वभाव जितका जवळून दिसतो, तितका तो खेळाडूला क्वचितच दिसतो. पाणी मारल्यावर माती किती वेळाने सुकते, सकाळची ओलसर खेळपट्टी दुपारी कशी बदलते, कोणत्या जागी भेगा पडतात, हे सारे त्याच्या नजरेखालून जाते. फिरकी गोलंदाजाचे निम्मे यश जमिनीवर अवलंबून असते. ज्या जागी चेंडूचा टप्पा पडायचा, ती जागा बाळू यांच्या रोजच्या ओळखीची होती.

निरीक्षण

क्लबचे ट्रॉस नावाचे एक सभासद होते. त्यांनी बाळू यांना जाळीत गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले असे सांगतात. तेव्हापासून बाळू यांच्या दिनक्रमात गोलंदाजीला नियमित स्थान मिळाले. ते डाव्या हाताने संथ गतीची फिरकी गोलंदाजी करीत. क्लबमध्ये कॅप्टन बार्टन नावाचे एक डावखुरे गोलंदाज होते. त्यांची चेंडू टाकण्याची लकब अतिशय सहज व डौलदार होती. बाळू यांनी ती लक्षपूर्वक पाहिली आणि आपल्या गोलंदाजीसाठी तिचा आदर्श ठेवला असे म्हटले जाते.

एखादे कौशल्य पाहून शिकायचे तर ते सुटे करून पाहावे लागते. गोलंदाजाची धाव किती पावलांची आहे, चेंडू सोडताना पुढचा पाय कोठे पडतो, खांदा आणि मनगट कोणत्या क्षणी वळते, बोटे चेंडूच्या शिवणीवर कशी असतात, या गोष्टी एका दृष्टिक्षेपात कळत नाहीत. त्यासाठी एकच कृती पुन्हा पुन्हा पाहावी लागते आणि मग ती स्वतः करून पाहावी लागते. पूना क्लबच्या मैदानावर रोज हजर राहावे लागल्यामुळे बाळू यांना पाहण्याची आणि करून पाहण्याची अशी दोन्ही संधी मिळाली.

निरीक्षणाचा दुसरा विषय फलंदाज हा असतो. फलंदाज पुढे पाय टाकतो की मागे सरकतो, चेंडू उंच आला की त्याचा तोल जातो का, कोणत्या फटक्याचा त्याला मोह होतो, हे गोलंदाजाने टिपून ठेवले पाहिजे. क्लबच्या जाळीत रोज वेगवेगळ्या पद्धतीने खेळणारे युरोपीय फलंदाज येत. त्यांपैकी प्रत्येक जण बाळू यांच्यासाठी एक नवा धडा होता.

कॅप्टन ग्रेग यांचा तास

या सभासदांमध्ये कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हे सर्वांत नावाजलेले फलंदाज होते. पुढे ते इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळले. ठेंगणे, चपळ आणि पदन्यासात तरबेज असलेल्या ग्रेग यांना भारतात खेळणाऱ्या युरोपीय फलंदाजांत अग्रस्थान होते. ते इतर सभासदांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळू यांनी आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस द्यायचे, असा त्यांनी परिपाठ ठेवला होता अशी कथा सांगितली जाते.

त्या काळी सोळा आण्यांचा एक रुपया होत असे. म्हणजे ग्रेग यांना महिन्यात आठ वेळा बाद केले की पूर्ण पगाराइतकी, म्हणजे चार रुपयांची, वरकड कमाई होत असे. या व्यवस्थेत चांगल्या सरावाची सर्व लक्षणे एकत्र आलेली दिसतात. सरावाची वेळ ठरलेली होती. समोरचा खेळाडू आपल्यापेक्षा अनुभवी होता. प्रत्येक चेंडूचा परिणाम त्याच क्षणी कळत होता. यश मोजण्याचे मापही स्पष्ट होते. चूक झाली तर पुढच्याच चेंडूला ती सुधारून पाहता येत होती आणि उद्या पुन्हा तोच फलंदाज समोर उभा राहणार होता.

चांगल्या फलंदाजाला एकाच प्रकारचा चेंडू दोनदा फसवत नाही. म्हणून गोलंदाजाला आपल्या चेंडूत फरक करावा लागतो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. त्याच पद्धतीने हात फिरवून एखादा चेंडू सरळ आत आणला, तर दूर वळणाऱ्या चेंडूची अपेक्षा करणारा फलंदाज चकतो. चेंडूला थोडी अधिक उंची दिली, तर तो फलंदाजाच्या अंदाजापेक्षा अलीकडे पडतो. वेग किंचित कमी केला, तर फटका लवकर मारला जातो. बाळू यांच्या गोलंदाजीत हे सारे प्रकार होते. ते चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, उंची आणि वेग सतत बदलीत आणि टप्प्यावरील ताबा मात्र सुटू देत नसत. शेकडो तासांच्या नेटमधील मेहनतीचे हे फळ होते.

या सरावाला एक मोठी मर्यादा होती. सभासदांना असंख्य चेंडू टाकूनही बाळू यांना जाळीत बॅट हाती घेण्याची संधी मिळत नसे. फलंदाजी हा साहेबांचा हक्क मानला जाई. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम असल्याने ते नोकराकडे सोपविले जाई. अर्धा खेळ बाळू यांच्यासाठी खुला होता आणि उरलेला अर्धा बंद होता. जो अर्धा मिळाला, त्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले.

संघात प्रवेश

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपीय संघाशी सामना करायचा होता. बाळू यांच्या गोलंदाजीची कीर्ती त्यांच्या कानावर आली होती. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. काही तेलुगू भाषक सभासद अनुकूल होते, तर काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. बाळू यांच्यासारख्या खेळाडूला वगळणे हे हिंदूंच्याच हिताचे नाही, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडल्याचे सांगितले जाते. अखेर बाळू यांना संघात स्थान मिळाले.

मैदानावर मात्र विलक्षण दृश्य दिसे. सहकारी खेळाडू बाळू यांच्या हातातील चेंडू झेलत, त्यांच्या बळींवर आनंद व्यक्त करीत, आणि चहापानाची वेळ झाली की बाळू यांना बाहेर बसवीत. इतर खेळाडू चिनीमातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळू यांना तो मातीच्या भांड्यातून दिला जाई. त्यांना तोंड धुवायचे असेल तर अस्पृश्य समाजातील एखादा नोकर पाणी ओती. त्यांचे जेवणही वेगळ्या ठिकाणी होत असे. हे सारे सोसून ते पुन्हा मैदानात उतरत आणि पहिल्याइतक्याच एकाग्रतेने गोलंदाजी करीत.

साताऱ्याच्या युरोपीय क्लबविरुद्धच्या एका सामन्यात बाळू यांचा प्रभाव कमी व्हावा म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर बरेच दिवस रूळ फिरवून ती टणक केली होती असे म्हणतात. तरीही बाळू यांनी सात बळी मिळविले व पुण्याच्या संघाने सामना जिंकला. या विजयानंतर पुण्यात त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा गौरव केला. ज्यांच्याबरोबर खेळता येते त्यांच्याबरोबर बसून खाण्यापिण्यासही हरकत नसावी, असा विचार त्यांनी खेळाडूंपुढे मांडल्याचे चरित्रकार सांगतात. एका गोलंदाजाच्या कौशल्यामुळे समाजापुढे हा प्रश्न उभा राहिला.

मुंबईतील विजय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घेण्यास काही सभासदांनी आक्षेप घेतला. परंतु कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांची बाजू लावून धरली आणि त्यांचा प्रवेश झाला. पुढे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली व ते रेल्वेच्या संघाकडूनही खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपीय संघांमध्ये मोठा सामना झाला. बंगालच्या फाळणीला काही महिनेच झाले होते आणि स्वदेशीच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता. साहजिकच या सामन्याकडे लोक केवळ खेळ म्हणून पाहत नव्हते. हिंदू संघाने २४२ धावा केल्या. युरोपीय संघ १९१ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. विजयासाठी २१२ धावा हव्या असताना युरोपीय संघ १०२ धावांत कोसळला आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळू यांनी पहिल्या डावात तीन व दुसऱ्या डावात पाच असे एकूण आठ बळी घेतले. ज्या युरोपीय फलंदाजांना ते एके काळी पगारावर चेंडू टाकीत, त्यांच्या बरोबरीच्या फलंदाजांना त्यांनी आता प्रतिस्पर्धी म्हणून बाद केले होते. या संघात त्यांचे बंधू शिवरामही होते. सुधारणावादी वृत्तपत्रांनी या विजयाचे स्वागत करताना जातिभेद बाजूला ठेवून केलेल्या निवडीचा आवर्जून उल्लेख केला.

१९०७ पासून पारशी संघही सामील झाल्याने या सामन्यांना तिरंगी स्पर्धेचे रूप आले. १९१२ साली मुस्लिम संघ आल्यावर ही स्पर्धा चौरंगी झाली. या सर्व वर्षांत बाळू हे हिंदू संघाच्या गोलंदाजीचा आधार होते.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या वेळी बाळू पस्तीस वर्षांचे होते. या वयात अनेक खेळाडूंची उमेद ओसरू लागते. त्या वर्षीचा इंग्लंडमधील उन्हाळा अतिशय कडक आणि कोरडा होता. फिरकी गोलंदाजाला ओलसर खेळपट्टीचा जो लाभ होतो, तो कोरड्या आणि टणक जमिनीवर सहसा मिळत नाही.

भारतीय संघाला बहुतेक सामने गमवावे लागले. बाळू यांची कामगिरी मात्र डोळ्यांत भरण्यासारखी झाली. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. सरासरी १८.८४ होती, म्हणजे प्रत्येक बळीसाठी त्यांनी सुमारे एकोणीस धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध त्यांनी एका डावात आठ बळी घेतले. परक्या हवेत, अनोळखी खेळपट्ट्यांवर, रोज नवे फलंदाज समोर असताना त्यांना हे यश मिळाले. पुण्यात नेटमध्ये लागलेली पाहण्याची, पारखण्याची आणि चेंडू बदलून पाहण्याची सवय इंग्लंडमध्ये त्यांच्या उपयोगी पडली.

मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. या समारंभाच्या तयारीत तरुण भीमराव आंबेडकर यांचा सहभाग होता असे इतिहासकार सांगतात. अस्पृश्य समाजातील कितीतरी तरुणांना बाळू यांच्या रूपाने अभिमानाचे स्थान लाभले होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

बाळू संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू होते. त्यांच्याइतके सामने जिंकून देणारा दुसरा गोलंदाज नव्हता. तरीही कर्णधारपद त्यांना दिले जात नव्हते. ते पद उच्च मानल्या गेलेल्या जातींतील खेळाडूंकडेच जाई. सरावाने कौशल्य मिळविता येते, पण त्या कौशल्याचा न्याय्य मान समाजाने द्यावा लागतो. तो मान मिळावा म्हणून पालवणकर बंधूंना वेगळा लढा द्यावा लागला.

१९२० साली चौरंगी स्पर्धा भरली. तेव्हा बाळू यांना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठी त्यांचे बंधू विठ्ठल यांच्या पात्रतेकडेही दुर्लक्ष झाले. यामागे जातीचा विचार आहे असे विठ्ठल आणि शिवराम यांना वाटले. जाहीर निवेदन करून ते दोघेही संघातून बाहेर पडले. खेळाडूंनी आत्मसन्मानासाठी उचललेल्या या पावलाला लोकांचा पाठिंबा मिळाला. अंतिम सामन्यात हे बंधू परतले, बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असताना बाळू यांनी संघाचे नेतृत्व केले.

पुढे १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठल हे चारही भावांत सर्वोत्तम फलंदाज होते. थोरल्या भावाच्या हाती क्लबच्या नेटमध्ये बॅट दिली जात नव्हती. धाकटा भाऊ त्याच खेळात फलंदाज म्हणून नावारूपास आला आणि संघाचा नायक झाला. एका पिढीच्या आत झालेला हा बदल लहान नव्हता.

उत्तरायुष्य

खेळातून निवृत्त झाल्यानंतर बाळू यांनी सार्वजनिक कार्यात भाग घेतला. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांमध्ये त्यांचा समावेश होता. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकर यांचे मतभेद झाले. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले. त्या लढतीत डॉ. आंबेडकर विजयी झाले. मार्ग भिन्न असले तरी दलित समाजाला सन्मानाने जगता यावे हा दोघांच्याही चिंतेचा विषय होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले आणि त्यांची सरासरी १५.२१ होती. भारताचा कसोटी संघ उभा राहिला तेव्हा त्यांची खेळण्याची वर्षे संपून गेली होती. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही आणि पुढील अनेक दशके सामान्य क्रीडाप्रेमींना त्यांचा विसरही पडला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांची कहाणी तपशिलाने मांडली आणि हे नाव पुन्हा लोकांसमोर आले.

पूना क्लबच्या जाळीत चेंडू टाकणाऱ्या तरुणाजवळ पैसा नव्हता, प्रतिष्ठा नव्हती आणि बॅटही नव्हती. जवळ होते ते दोन डोळे, डावा हात आणि रोज सकाळी समोर येणारा एक कसलेला फलंदाज. तेवढ्या साधनांवर त्यांनी आपली विद्या उभी केली आणि पुढे तिच्याच बळावर, ज्या दारातून त्यांना आत घेतले जात नव्हते ते दार आपल्या भावांसाठी उघडून दिले.